बरगड्यांमधल्या टिचक्या

मंगळवार, संध्याकाळ

आज तपासणी झाली. सुईसुद्धा नाही. उजव्या बरगड्यांच्या मधे यंत्र टेकवून टिचक्या मारल्यासारखं केलं, बस. डॉक्टर म्हणाले, यकृतात चरबी आहे, यातला तुकडा भावाला सध्या देता येणार नाही. दोन महिने भात आणि गोड कमी करा, रोज चाला, मग पुन्हा बघू.

दादाकडे दोन महिने आहेत का? विचारलंच नाही मी. कारण आधी सुटल्यासारखं वाटलं. वाटलं खरं. इथे तरी लिहू दे.

घरी आल्यावर दादाचा फोन आला. टिचक्यांचं सांगितलं तर हसला. "म्हणजे फणस वाजवून बघतात तसं! मग काय गो, कापा की बरका?"

"बरका. मऊ आहे, पण चरबी आहे."

"मग राहू दे गो. उगाच जिवाचे हाल नको करून घेऊस." एवढं बोलतानाही धाप लागली त्याला.

त्या टिचक्या अजून तिथेच जाणवताहेत.

जेवताना ह्यांनी नेहमीसारखा भात वाढला. हात लावायच्या आधीच मी निम्म्याहून जास्त परत पातेल्यात टाकला.

"बरं नाही का?"

"घाबरलेय," म्हटलं. "पण उद्या लवकर उठवा मला. भाट्याच्या पुलापर्यंत चालायला जायचंय."