वृषभचं प्लास्टिकचं डिझेल आणि माझा जीव

चि. सुकुमारास आक्काचे आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

तुझा गुडघा आणि तुझ्या बायकोचा, ब्राह्मीचा दमा बरा असेल, असं धरून चालते. माझी प्रकृती विचारू नकोस. तुझ्या वृषभला कॉलेजसाठी माझ्याकडे लष्कराच्या कॅम्पात ठेवलंस, तेव्हापासून छातीत धडधडच आहे.

हा मुलगा दारोदार हिंडून दुधाच्या रिकाम्या पिशव्या गोळा करतो (शेजारच्या मेजरीणबाई आता मला कचरेवाल्याची आत्या म्हणून ओळखतात), परसात बंद लोखंडी पिंपात कोंबतो आणि खालून जाळ लावतो. वाफ नळीतून थंड झाली की तेल गळतं. म्हणे डिझेलऐवजी चालतं. पिंप गुरगुरतं, सुकुमार! माझ्या खिडकीखाली! मी ओरडले की, "आत्ती, काय हुत न्हाई गं, उगंच भितीस." काय होत नाही? मग याच्या डाव्या डोळ्यावरची भुवई कुठं गेली?

आणि ते तेल गाळलं कशातून? आपल्या पाणी गाळायच्या फडक्यातून! पाण्यातला जीवसुद्धा मरू नये म्हणून आईनं लावलेलं वळण, आणि त्यात हे! वर फडकं धुऊन पुन्हा घागरीवर बांधून ठेवलं, हा त्याचा शहाणपणा. सकाळी त्याच पाण्याचं चहाचं आधण ठेवलं आणि घरभर गॅरेजचा वास सुटला. मला वाटलं, आता भांडं उडणार आणि पाठोपाठ मी. आग लागली की ढकलाढकली न करता रांगेत बाहेर पडायचं, असं कॉन्व्हेंटात सिस्टरनी शिकवलं होतं. मी एकटीच होते, तरी रांगेत बाहेर पडले आणि फाटकाशी स्वतःची हजेरीही घेतली.

आता त्याला हे तेल तुझ्या ट्रॅक्टरमध्ये घालायचंय. खबरदार! ऐन ऊसतोडीत इंजिन बसलं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस.

तुझी आक्का

ता. क. पत्र घेऊन वृषभच येतोय. आत त्याची शिफारस आहे असं मी सांगितलंय, तेव्हा वाचताना मान डोलव.

आणखी ता. क. आत्ता कळलं, त्यानं आपल्या जुन्या जीपमध्ये तेच तेल भरलंय आणि दारात हॉर्न वाजवतोय. निपाणीपर्यंत बसनं जा म्हणून त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. हे तू वाचतोयस म्हणजे जीप तुझ्या दारात, बोरगावला पोचली आणि माझं वरचं सगळं खोटं ठरलं. ठरू दे. लगेच फोन कर. मी फाटकाशी बसले आहे. हजेरीत एकच नाव राहिलंय.