नियम क्रमांक चार

वाशीम,
सोमवार, १२ मे २०२५

प्रिय पंचफुला,

ताईचे आशीर्वाद. इंद्रभानरावांना आम्हा दोघांचा नमस्कार सांग. इकडे प्रकृती बऱ्या आहेत. ऊन मात्र असे आहे की दुपारी बाजारातला रस्तादेखील ओस पडतो. तू पाठवलेल्या कैऱ्यांचे लोणचे घातले. अजून मुरायचे आहे.

मागच्या फोनवर तू म्हणाली होतीस, "ताई, मले नीट लिहून पाठव, ग्रुपात कसं वागाव लागते ते. मी शिकीन." त्यानंतर पंधरा दिवस तू माझा फोन घेतला नाहीस. तेव्हा तू सांगितलेलेच काम करते आहे. एकतीस वर्षे मुलींना विज्ञान शिकवले. समजावून सांगायचे म्हटले की मला अजूनही हुरूप येतो, हे तुला ठाऊक आहे.

सुरुवात एका कोड्याने करू. हे कोडे तूही पाहिले असशील. एकाच ग्रुपवर, एकाच आठवड्यात, दोन माणसे एकच गोष्ट सांगतात. पहिल्याचे लिखाण शुद्ध, मुद्देसूद, आकडे तपासलेले. त्याला तीन अंगठे मिळतात. दुसऱ्याच्या बोलण्याला धड सुरुवात नाही, शेवट नाही. त्याला चौसष्ट उत्तरे येतात. असे का होते? ही दोन माणसे कोण, ते तूर्त बाजूला ठेवू.

आता मूळ विषय. नव्या ग्रुपमध्ये शिरल्यावर पहिले काम म्हणजे गप्प बसणे. ओळख नसलेल्या घरी आपण दारातूनच बोलत शिरत नाही; चप्पल काढतो, कोण कुठे बसले आहे ते पाहतो. ग्रुपचेही तसेच आहे. आठ दिवस नुसते वाचावे. ग्रुपच्या नावावर बोट ठेवले की त्याचे वर्णन उघडते, त्यात नियम असतात, ते वाचावेत. आपली शंका आधी कोणी विचारली आहे का, हे भिंगाच्या खुणेवर जाऊन शोधावे. मग ओळख द्यावी: नाव, गाव, शेती किती, कशासाठी आलो. दोन ओळी पुरतात.

तू हे सगळे बिनचूक केलेस. 'घरचे बियाणे' हा ग्रुप मी फेब्रुवारीत सुरू केला आणि एप्रिलमध्ये तुला लिंक पाठवली. आठ दिवस तू एक अक्षर बोलली नाहीस. माझा संदेश कोणी कोणी वाचला, त्या यादीत मात्र तुझे नाव रोज सकाळी सहाच्या आत असे. मला त्याचा आनंद होत असे. धाकटी बहीण माझे वाचते आहे, असे वाटे.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि त्यासोबत उत्तर देणाऱ्याला लागणारी माहिती द्यावी. "सोयाबीन उगवत नाही, काय करू?" याला कोणी काय सांगणार? वाण कोणता, बियाणे घरचे की विकतचे, पोते कुठे आणि कसे ठेवले होते, एवढे तरी हवे. फोटो दिवसाच्या उजेडात, जवळून काढावा. उत्तर देताना ज्याला देतो आहोत त्याच्या संदेशावर बोट दाबून, तो वर दिसेल असे द्यावे. नाहीतर दोनशे बारा माणसांत कोण कोणाशी बोलतो आहे ते कळत नाही. रोज सकाळी गुलाबाची चित्रे टाकू नयेत. आलेली बातमी तपासल्याशिवाय पुढे ढकलू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचे, ज्यांनी सल्ला दिला त्यांना पुढे काय झाले ते येऊन सांगावे. बहुतेक लोक उत्तर घेतात आणि नाहीसे होतात. परत येऊन "सांगितलं तसं केलं, जमलं" किंवा "नाही जमलं" म्हणणारा सदस्य मला फार मोलाचा वाटतो.

तिसरी गोष्ट. कोणाचे चुकले तर सगळ्यांसमोर बोलू नये. त्याच्या खासगी नंबरवर, गोड शब्दांत सांगावे. हे वाक्य मी स्वतः वर्णनात लिहिले आहे, नियम क्रमांक दोन म्हणून.

इथे मला काल थांबावे लागले. पत्र मिटून ठेवले आणि आज पुन्हा घेतले.

पंचफुला, कोड्यातली पहिली व्यक्ती मी. बावीस एप्रिलला मी लिहिले होते: "सोयाबीनचे बीजावरण अत्यंत नाजूक असल्याने पोत्यांची हाताळणी काळजीपूर्वक करावी. पेरणीपूर्वी शंभर दाण्यांची उगवण चाचणी घेणे आवश्यक आहे." खाली कृती, पायरीपायरीने. दोन तास लागले. तीन अंगठे मिळाले, आणि त्यातला एक ह्यांचा, तोही मी चहा देताना आठवण करून दिली म्हणून.

सत्तावीसला, रविवारी सकाळी, तुझा आवाज आला. दोन मिनिटे चाळीस सेकंद. तो मला आता पाठ आहे.

"राम राम मंडळी. मी अनसिंगची पंचफुला. चार एकर सोयाबीन हाय, बी घरचंच ठेवतो आमी. बाप्पा, सोयाबीनचं पोतं आपटू नोका. ते पोतं म्हंजे ओली बाळंतीण हाय, तिले कोणी वरून फेकते काय? मी गोणपाट ओलं केलं, त्याच्यावर शंभर दाणे मांडले, गुंडाळून सावलीत ठेवले... हाड! हाड मेले! ही कोंबडी माह्ये शंभराचे नव्वद करून राह्यली... तं सा दिवसानं मोजले, अठ्ठ्याहत्तर निंघाले. तुमी बी मोजा. अन् कमी निंघाले तं लाजू नोका, इथं सांगा. मागच्या साली माह्ये चाळीसच निंघाले होते, मी कोणाले सांगतलं नाही."

हे बाहेर खुर्चीवर बसून ऐकत होते. एकदा ऐकले, हसले. दुसऱ्यांदा लावले. तिसऱ्यांदा लावून मला हाक मारली, "अहो, ऐकलं का? आपल्या पंचफुलानं काय झकास सांगितलं!" मी म्हटले, "तेच तर मी मंगळवारी लिहिलं होतं." ते म्हणाले, "हो का? लक्षात नाही आलं."

मग उत्तरे सुरू झाली. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे रामसिंग, जे तीन महिन्यांत एकदाही बोलले नव्हते, त्यांनी लिहिले, "ताई, माझे बावन्नच निघाले. लाज वाटत होती." संगीता म्हणून एक मुलगी आहे, तिने गोणपाटाचा फोटो टाकला आणि विचारले, "ताई, कोंबडीपासून कसं वाचवू?" कोणाचे ऐंशी, कोणाचे साठ. प्रत्येक जण आपला आकडा सांगत होता. मी दर पाच मिनिटांनी ग्रुप उघडून मोजत होते. एकोणीस. तेहेतीस. चौसष्ट. त्या चौसष्टांत एकानेही मंगळवारच्या संदेशाचा उल्लेख केला नाही.

ग्रुप मी काढला. माणसे मी जोडली; एकेकाचा नंबर मागून, परवानगी घेऊन. आणि सगळे "अनसिंगवाली ताई" म्हणत होते.

तुला एक जुनी गोष्ट सांगते, जी तुला आठवणारही नाही. उन्हाळ्यात आबा बियाण्याचे पोते सोडत, तेव्हा मूठभर दाणे हातावर घेऊन तुला हाक मारत. तू आठवीत शाळा सोडलेली पोर. तू एक दाणा दातांखाली धरायचीस आणि म्हणायचीस, "वाळलं आबा," किंवा "अजून चार दिवस ऊन दाखवा." मी बारावीला होते, बीजाची आकृती भागांच्या नावांसह काढू शकत होते. दारात पुस्तक घेऊन उभी राहत असे. मला त्यांनी कधी विचारले नाही. ते मला शिकायला पाठवतात म्हणून तुला माझा हेवा वाटत असेल, असे मी जन्मभर धरून चालले. आपल्या दोघींत हेवा कोणाला होता, ते मी तपासलेच नाही.

त्या रविवारी दहाच्या सुमारास मी ग्रुपचे वर्णन उघडले. तीन नियम होते. खाली चौथा लिहिला: "ध्वनिसंदेश पाठवू नयेत. सर्व सदस्यांना वाचता येईल असे लेखी स्वरूपातच मांडावे." कारणही दिले, अगदी पटण्यासारखे. मग पंधरा मिनिटे थांबले. आणि चौथ्या नियमाचा भंग झाला म्हणून तुझा संदेश सगळ्यांच्या फोनवरून पुसून टाकला. तिथे ओळ राहिली की ॲडमिनने हा संदेश काढला आहे, शेजारी माझे नाव, वैजयंती. त्याखाली मी, सगळ्यांसमोर, लिहिले, "कृपया नवीन सदस्यांनी नियम वाचूनच सहभागी व्हावे."

दुपारी तुझा फोन आला.

"ताई, माह्यं काय चुकलं वं?"

"नियम चार पाहा."

"म्या तं आल्याबरोबर सारे नियम वाचले होते. तीनच होते. चार कवा आला?"

"वर्णनात आहे, पाहा," एवढेच मी म्हणाले. खोटे नव्हते. खरेही नव्हते. मग तू ते म्हणालीस, लिहून पाठव, मी शिकीन. आणि संध्याकाळी ग्रुपवर ओळ दिसली, पंचफुला ग्रुप सोडून गेली.

त्यानंतरचे ऐक, कारण ते नुसते आपल्या दोघींपुरते राहिलेले नाही. रामसिंगांच्या बावन्नला उत्तर मी दिले: उगवण कमी असल्याने सदर बियाणे पेरणीस अयोग्य आहे, बदलून घ्यावे. त्यांनी लिहिले, "जी मॅडम." त्यानंतर त्यांचे एक अक्षर नाही. बियाणे बदलले की तेच पेरणार, मला माहीत नाही. दोनदा विचारले, त्यांनी वाचले, बोलले नाहीत. ज्यांच्या गोणपाटात दाणे होते, त्यांचे सहा दिवस केव्हाच झाले. एकाही माणसाने आकडा सांगितला नाही. फक्त संगीताने विचारले, "अनसिंगवाली ताई कुठं गेली?" त्याला मी उत्तर दिले नाही. पेरणीला महिना राहिला आहे. ज्याचे बावन्न निघाले त्याने आत्ता बोलायला हवे, आणि तो माझ्यासमोर बोलणार नाही.

कोड्याचे उत्तर मला या पंधरा दिवसांत मिळाले. मी काय करावे ते सांगितले आणि विषय संपवला. तू आपले चाळीस आधी सांगितलेस आणि मग त्यांचे विचारलेस. बाळंतिणीची उपमा, कोंबडी, त्यांमुळे लोक हसले. बोलले ते त्या चाळीसमुळे. मला माझे चाळीस कधी सांगता आले नाहीत. हे पत्र म्हणजे तेच समज.

आज सकाळी चौथा नियम काढून टाकला. चूक सगळ्यांसमोर केली होती, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिले: "पंचफुलाबाईंचा संदेश कोणत्याही नियमात चुकला नव्हता. तो आल्यानंतर मी नियम केला. मला त्यांचा हेवा वाटला. त्या माझ्या बहीण आहेत." अर्ध्या तासात एकशे चार जणांनी हात जोडले. ते सगळे तुझ्यासाठी होते, माझ्यासाठी नव्हते. तरीही मी मोजले. हेवा अजून गेलेला नाही, पंचफुला. तो जाईपर्यंत थांबले असते तर पेरणी होऊन गेली असती.

तुला परत ओढून घेण्याचा खटाटोप मी करणार नाही. न विचारता कोणाला ग्रुपात घालणे असभ्य आहे. म्हणून लिंक पत्राच्या पाठीमागे हाताने लिहिली आहे. इंग्रजी अक्षरे जिथे मोठी तिथे मोठी, लहान तिथे लहान टाकायची. तीन वेळा ताडून पाहिली आहे. यावेसे वाटले तर ये, आणि आलीस तर लिहू नकोस, बोल. रामसिंगांचे नाव घेऊन बोल. यावेसे नाही वाटले तर त्यांचा नंबरही लिंकखाली आहे. आधी मी त्यांना विचारले, "पंचफुलाचा फोन आला तर चालेल का?" पंधरा दिवसांनी प्रथमच त्यांचे उत्तर आले: "चालेल जी. लवकर सांगा त्यांना."

आणि तुझा प्रश्न राहिला, चार कवा आला? माझ्या शब्दावर विसंबू नकोस. तू ग्रुप सोडलास तरी जुने बोलणे तुझ्या फोनमध्ये आहे. ते उघड आणि बोटाने वर सरकत सत्तावीस एप्रिलपर्यंत जा. एक ओळ दिसेल, तुझा संदेश काढल्याची. तो जिथे होता तिथेच ती आहे. तिथून खाली मोजत ये. चौसष्ट उत्तरे लागतील. त्यानंतर दुसरी ओळ आहे: वैजयंतीने ग्रुपचे वर्णन बदलले. पुढे कुठल्याही ग्रुपात कोणी तुला नियम दाखवला, तर हेच करून पाहा. तुझे बोलणे आधीचे की तो नियम आधीचा, एवढेच बघ.

पाहिलेस की मला फोन कर. रागावायला केलास तरी चालेल.

तुझी,
दारात पुस्तक घेऊन उभी असलेली,
ताई