कुठल्याही प्राण्याला चालणारी मेथड

२ मार्च, सोमवार
आमची बॉस मार्सी आज म्हणाली, शुक्रवारपर्यंत डेअरीवाल्यांना गायींच्या लशीची आठवण करून देणारा निरोप गेला पाहिजे, मग टीम लीड कोण ते ठरवू. आजवर जनावरांच्या दवाखान्यांसाठीच्या आमच्या सॉफ्टवेअरमधून फक्त कुत्र्या-मांजरांच्या मालकांना आठवण जाते. ट्रूडी लगेच म्हणाली, कुत्र्याचा कोड कॉपी करते, दुपारी देते. कॉपी! इतकी वर्षं एकाच खोलीत बसून हिने माझ्याकडून काय घेतलं? मी म्हटलं, मला द्या.
लीडपदाचा लोभ आहे का मला? जेवताना प्रामाणिकपणे तपासलं. नाही. फक्त तत्त्व.

३ मार्च
सुचलं. एकच जेनेरिक मेथड, म्हणजे सगळ्यांना चालणारा कोडचा एक तुकडा. कुत्रा द्या, गाय द्या, तिला फरक नाही. निरोप काय लिहायचा ते तिने ठरवायचं नाही, त्याचा वेगळा कोड डेलिगेट म्हणून बाहेरून तिच्या हातात द्यायचा. मार्सीला सोपं करून सांगितलं: स्वयंपाकी एकच, भाजी आणि कृती गिऱ्हाईक आणणार. ती म्हणाली, मग स्वयंपाकी कशाला ठेवलाय? विनोदबुद्धी चांगली आहे तिची.

४ मार्च
यादी कशी गाळायची, तेही डेलिगेट. क्रम कसा लावायचा, तेही. पाठवायचं कसं, तेही. ट्रूडी स्क्रीनकडे बघत म्हणाली, अरे वॉरन, ही स्वतः काय करते? मी म्हटलं, बाकीच्यांना कामाला लावते. हां, म्हणजे मॅनेजर, म्हणाली. मत्सर.
टेस्ट उद्या नक्की.

५ मार्च
टेस्ट राहिली. मेथडचं नाव ठरवण्यात दिवस गेला. नाव चुकलं की सगळं चुकतं.

६ मार्च, सकाळ
गायींसाठी वेगळा निरोप लिहायचा होता. पण 'प्राणी' या सामान्य प्रकारासाठी मीच पूर्वी लिहिलेला निरोप तयार आहे. गाय म्हणजे प्राणीच, त्यामुळे तो डेलिगेट कोडमधल्या चुका पकडणाऱ्या कम्पायलरने बिनतक्रार घेतला. एकदा वाचून बघावा का? पण कम्पायलरपेक्षा स्वतःला शहाणं समजणं हा अहंकार. पाठवून दिला.

६ मार्च, दुपार
डेअरीवाल्यांचे फोन. प्रत्येक गायीमागे एक निरोप गेलाय: 'आपल्या लाडक्याला पिंजऱ्यात घालून दवाखान्यात आणावे. घाबरल्यास मांडीवर घ्यावे.' ऑरविल श्मिट्झ म्हणाला, बाबा रे, आणतो की, फक्त कुठलीला आधी मांडीवर घेऊ तेवढं सांग. मार्सीला समजावलं की कम्पायलरच्या हिशेबाने चूक एकही नाही. तिने ट्रूडीला आत बोलावून घेतलं. पटलं असावं.

९ मार्च, सोमवार
ट्रूडीने कुत्र्याचा कोड कॉपी केला, निरोप बदलला, जेवणाच्या आत काम संपवलं. लीड तीच. मी अभिनंदन केलं. मनापासून, बहुधा. म्हटलं, माझी मेथड काढू नकोस, पुढेमागे शेळ्या येतील. ती म्हणाली, राहू दे की, कुणी वापरतच नाही तिला, त्रास कसला?
मग लीड म्हणून तिने मला पहिलं काम दिलं: डेअरीवाल्यांची माफी मागायची. सगळ्यांना चालेल असा एकच मजकूर करतो म्हटलं. नाही वॉरन, म्हणाली. एकेकाला फोन कर. स्वतः.
पहिला ऑरविलला लावला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, थांब, स्पीकरवर टाकतो, बायकोलाही ऐकायचंय. पुन्हा पहिल्यापासून सांग.
सांगितलं.