बिलावर दोन नावं

प्रिय सेवेरो,

गाडी आली. पांढरी घेतली, तुला लाल हवी होती हे ठाऊक असून. दारात उभी आहे आणि मी सारखी जाऊन तिची काच पुसते. नंबरप्लेट नाही, म्हणजे टॅक्सी म्हणून चालवता येत नाही. भाजीचा गाळा मी सोडून बसले. हाताला काम नाही आणि जिवाला चैन नाही.

तुझ्या आईंचा हट्ट, आधी कोपाकाबानाच्या चर्चला नेऊन गाडीला आशीर्वाद, मग नोंदणीची कचेरी. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, मी बॉनेटवर फुलांच्या माळा घातल्या. आईंचं समाधान होईना. "अगं सूनबाई, कागदांना कोण पाजणार? ते तहानलेले राहिले तर चौकाचौकात पोलीस अडवतील." बिल, विमा, कस्टमचा कागद, सगळं सीटवर पसरलं आणि धरणीमातेचं नाव घेऊन बीयरची अख्खी बाटली उपडी केली. बाकीचे कागद बचावले, बिलाची शाई मात्र वाहून गेली.

कचेरीतल्या माणसाने बिल नाकाशी नेलं. "बाई, याची नोंदणी होत नाही. याच्याबरोबर शेंगदाणे खातात." मागची रांग हसली. मीही हसले आणि बाहेर पायरीवर बसून रडले.

शोरूममधली नेल्सा म्हणाली, "नवीन बिल देते. पण आधीच्यावर दोन नावं होती. दोन्ही ठेवायची तर नोंदणीला नवरा समोर हवा, नाहीतर त्याचं मुखत्यारपत्र. कुठे असतात साहेब?" सीमेपलीकडे इकिकेला, बंदरावर, म्हटलं, येतोय. हे 'येतोय' इतक्या जणांना सांगून झालंय की आता माझीच जीभ अडखळते. खरं सांगू? पहिल्या वेळी तुझं नाव कुणी मागितलंच नव्हतं. मीच घालायला लावलं. वाटलं, बायकोसाठी नाही तर निदान गाडीसाठी तरी हा घरी येईल. वेडीच मी.

परवा तुझा मावसभाऊ आब्दोन तिकडून आला. साल्तेन्या खाता खाता खालमानेनं सगळं बोलला, ती कोण, तुम्ही कुठे राहता, तिला कितवा महिना आहे. आई उठून आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "ज्याचं ढुंगण सीटवर, त्याचंच नाव कागदावर." त्या माझ्याकडेच राहणार आहेत, तेही त्यांनीच ठरवलं. पुढच्या सोमवारी मी नेल्साला माझं एकटीचं नाव सांगणार. तुला हे परक्या तोंडून कळू नये म्हणून इकिकेच्या बसवाल्याकडे हे पत्र देते आहे. आब्दोन खोटं बोलला असेल तर त्याआधी ये. उत्तर लिहीत बसू नकोस, ये.

सोमवारपर्यंत तुझीच,
फेलिसा