राखणीला कोण होतं

बोरी बुद्रुक, ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. सुप्रियाला बानूआजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. चिठ्ठी पोचली. फोन हाये म्हणून लिवायचं सोडू नको. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं तुझ्यासाठीच राखून ठेवलीत, न्हाईतर मेंढ्यांना काय वाचून दाखवू? तू विद्यापीठात पेपरवाल्यांचं शिकती हे अख्ख्या आळीला सांगितलं. कुशाबाई म्हणली, एवढं शिकून लोकांच्या भानगडीच लिवायच्या ना. मी म्हणलं, तुझ्यापासनं सुरवात करंल. तवापासनं गप हाये.

काळ्या मेंढीला जुळी झाली. ऊस डोक्याच्या वर गेलाय. दिवेलागणीला मी भाईर पडत न्हाई, तुला ठाऊकच हाये. त्या वक्ताला उसातनं कुणीतरी बानू म्हणून हाक मारतं. तीन हाका झाल्याबिगर ओ देऊ नये, आन् ते एकदाच मारतं. तुझा बा म्हणतो, आई, कान वाजत्यात. वाजू दे. चटणी धाडलीय, पुरवून खा.

लोभ लोकरीगत, कातरला तरी वाढता असू दे.

तुझी आजी, बानूबाई


पुणे, ता. ८ नोव्हेंबर

ती. आजीस सुप्रियाचा शि. सा. न.

वि. वि. चटणी खोलीतल्या मुलींनी दोन दिवसांत संपवली. सरांनी काम दिलंय. आपल्या गावाची एक जुनी बातमी शोधायची, खरी होती का ते तपासायचं, आणि चुकली असेल तर आमच्या विभागाच्या पेपरात दुरुस्ती छापायची. ग्रंथालयात १९९७ची फाइल चाळताना तूच भेटलीस. 'बोरीत बिबट्याच्या हल्ल्यात बानूबाई ठार.' आजी, मेलेल्या बाईनं मला शेंगदाण्याची चटणी कशी पाठवली?

आधी हसले. मग ती ओळ पुन्हा वाचली. त्या दिवशी गेलं कोण? बाबा म्हणाले, आईलाच विचार, आणि फोन ठेवला. अंक अठ्ठावीसला छापायला जाईल. सर म्हणतात, बाकी काही चुकलं तर बघू, माणसाचं नाव चुकता कामा नये.

रागावू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी, सुप्रिया


बोरी, ता. १५ नोव्हेंबर

चि. सुप्रियाला आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र दोनदा पुरं वाचलं, तिसऱ्यांदा निम्मंच झालं.

पेपरवाल्याला बोल लावू नको. गेली ती माझी धाकटी बहीण हिरा. नवरा वारल्यावर ती आमच्यातच ऱ्हायची. भाकरी थापायची ती अशी गोल, की तुझा आजा म्हणायचा, ताटली ठेवून कापली का काय. ह्या घरात तिचं नाव कुणी काढत न्हाई, ते माझ्यापायी. मेंढ्या जाळीच्या वाड्यात कोंडल्या की दिवेलागणीची राखण आमा बायांची, एकेकीला आठवडा. तो आठवडा माझा व्हता. मी ओतूरच्या बाजारात हिरव्या बांगड्या भरत बसले आन् यष्टी चुकली. हिरा माझंच घोंगडं पांघरून माझ्या जागी बसली.

दुसऱ्या दिशी पेपरवाला आला. भला माणूस, चपला भाईर काढून बसला. त्यानं इचारलं, राखणीला कोण व्हतं? आमच्यात राखण जिची तिचंच नाव सांगायचं, मग बसलेली का दुसरी असंना. तोंडातनं निघालं, बानूबाई. त्यानं लिवलं. पेपर वाचून दाखवला तवा मी म्हणू शकले असते, मी हाये, हिरा गेली. म्हणले न्हाई. वाटलं, बरोबरच छापलंय, जायचं मलाच व्हतं. मग खरं सांगायची कुणाची छाती झाली न्हाई. हाक तवापासनंची. ती मला बोलावती, का तिला माझं नाव चिकटलंय ते सांगती, कळत न्हाई.

म्हातारीची अब्रू जाईना का. तिचं नाव लिव.

तुझी आजी


पुणे, ता. १ डिसेंबर

ती. आजीस शि. सा. न.

वि. वि. अंक सोबत पाठवते, पान तीन. एकाच्या सांगण्यावर बातमी होत नाही, दुसरी साक्ष कुणाची, असं सरांनी विचारलं. बाबांना पुन्हा फोन केला. आधी उसाचं, मेंढ्यांचं बोलले. मग म्हणाले, हिरामावशीच गेली, मी होतो तिथं. बांगड्यांचं मी लिहिलं नाही. सरांना सांगितलं, जागा पुरली नाही.

तब्येत सांभाळ, आणि लिहीत राहा.

तुझी, सुप्रिया


बोरी, ता. ११ डिसेंबर

चि. सुप्रियाला मायेचे आशीर्वाद.

वि. वि. पान तीन मी माझं मी वाचलं. बोट ठेवून. हिराबाई. खाली तुझं नाव, तेबी वाचलं. कुशाबाईनं चष्मा लावून बघितलं आन् म्हणली, पोरीनं नाव काढलं. तुझा बा पेपर घेऊन गोठ्यात जाऊन बसला.

त्या दिसापासनं हाक बंद झाली. चार दिस काईच न्हाई. सुटले म्हणावं, तर सांज करमंना. पाचव्या दिशी दिवेलागणीला मीच उठले, घोंगडं घेतलं आन् उसाच्या कडंला जाऊन उभी ऱ्हायले. अठ्ठावीस वर्सांत पयल्यांदा हाक मारली, हिरा. पानसुदिक हाललं न्हाई. दुसरी मारली. तिसरीला उसातनं ओ आली.

हे मातुर छापू नको. तुझ्या सरांना दोन साक्षी लागत्यात. मी एकटी व्हते, आन् मेंढ्या. त्या समद्या माना वर करून उसाकडं बघत व्हत्या.

येशील तवा दुपारच्या यष्टीनं ये.

तुझी आजी, बानूबाई