नरसाळं तुझंच आहे

इझेनटाल, २८ मे १९२६

प्रिय मेनराड,

काल मी उताणा झोपलो. तुला त्यात काय मोठं वाटणार, पण गेली सहा वर्षं मी रात्री खुर्चीत बसून काढल्या. आडवा झालो की श्वास कोंडायचा. काल पाठ टेकली ती थेट गुरांच्या घंटांनीच जाग आली. आगाथा म्हणते, "आधी तुमच्या धापेनं झोप लागत नव्हती, आता शांततेनं लागत नाही." बायकोला सुख देणं कठीणच.

चौदा वर्षांत एक ओळ नाही आणि आता एवढं मोठं पत्र, म्हणून घाबरू नकोस. बातमी चांगली आहे. माझा गलगंड गेला. बाहेरून तो बटाट्याएवढाच दिसायचा, आणि आपल्या खोऱ्यात बटाट्याएवढ्या गलगंडाला कोण भीक घालतं? पण खालून तो छातीच्या हाडामागे उतरला होता आणि श्वासनळी दाबत होता. बर्नच्या डॉक्टर लुथींनी आडपडदा ठेवला नाही. "काढला नाही तर गुदमराल. काढताना नस दुखावली तर आवाज जाईल." गुदमरण्याचं मला एवढं वाटलं नाही. पण आवाज गेला तर डोंगरावरच्या कुरणात संध्याकाळची हाक कोण देणार? दुधाचं लाकडी नरसाळं तोंडाला लावून देवाकडे गुरांची राखण मागायची ती आपल्याच घराण्यानं. हाक पोचेल तिथवर गुरं सुखरूप, हे बाबांनी आपल्याला बोलता येण्याआधीच शिकवलं होतं.

आता गंमत ऐक. त्यांनी मला झोपवलंच नाही. मानेत सुया टोचून जागा बधिर केली आणि डॉक्टर म्हणाले, "बोलत राहायचं. आवाज बदलला की मला कळेल, नस जवळ आली. थांबायचं नाही." माझ्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? मी अठरा गाईंची नावं सांगितली. मग तीच शेवटाकडून. मग चीज कसं लावतात ते. नर्सबाई मध्येच म्हणाली, "मीठ कधी घालता ते राहिलं." म्हणजे बया लक्ष देऊन ऐकत होती.

शेवटी डॉक्टरांनी गळ्यातल्याच चिरेतून बोट छातीत घातलं. "आता वर ओढतो. बोला." माझ्या गाई संपल्या होत्या. तोंडात आली ती ब्लुएम, कड्यावरून पडून गेली ती गाय, आणि माझा आवाज चिरकला. डॉक्टरांचा हात जागीच थांबला. "नाव सांगा तुमचं," ते म्हणाले. मी म्हणालो, "नस शाबूत आहे डॉक्टर. मला लाज वाटतेय." तर म्हणतात, "लाजायला पुढे महिनाभर मोकळे आहात. आत्ता बोला." मग मी बोललो, काही न ठेवता. त्यांनी ओढलं, आणि मेनराड, हवा आत आली. इतकी आली की मला हसूच फुटलं. गोळा दाखवला, माझ्या मुठीहून मोठा होता.

त्या परक्या माणसांना जे सांगितलं ते तुला सांगायचं म्हणून हे पत्र. ब्लुएम गेली त्या संध्याकाळी वरचं फाटक मी उघडं टाकलं होतं, तू नाही. तू बाबांना सांगत होतास, "मी लावलं होतं," आणि मी शेजारी वाकून बुटाचे बंद बांधत राहिलो. "ज्याला फाटक लावता येत नाही, त्यानं राखण मागू नये," म्हणत त्यांनी नरसाळं तुझ्या हातून काढून मला दिलं. तू घड्याळांच्या कारखान्यात निघून गेलास आणि मी चौदा वर्षं तुझी हाक दिली. रविवारी चर्चच्या पायरीवर उभं राहून हे साऱ्या गावाला सांगितलं. नवा आवाज आधी त्यालाच वापरला. म्हातारा कास्पर म्हणाला, "एवढं घशात ठेवून तू जगलास कसा रे?" माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. नरसाळं सोबत पाठवलं आहे. बारा जूनला गुरं वर कुरणात जातील. ते घेऊन ये. फाटक मी लावेन, हाक तू दे.

तुझाच थोरला,
बाल्ट्स