मिठात घातलेली गाठ

१८ मे १९५७

वहिनीने शेवटी आज दाखवली. डाव्या स्तनात गाठ, सुपारीएवढी. कधीपासून म्हणून विचारलं तर म्हणे शिमग्याच्या आधीपासून. म्हणजे मी रोज तिच्या हातचं जेवत होतो, समोर बसून बडबडत होतो, आणि म्हणे डॉक्टर. आई गेल्यावर मला न्हाऊमाखू घातलेली बाई ही, पण माझ्यापुढे पदर सरकवायला तिला इतके महिने लागले. आधी राग आला तिचा. मग माझाच.

गाठ सरकते. काखेत काही लागत नाही. बरी असेल. असेल! बोटांना गाठ कळते, तिच्या आतल्या पेशी आपापल्या रांगेत आहेत की हद्द सोडून पसरू लागल्यात, ते बोटांना कळत नाही. तुकडा काढून मुंबईला पाठवला पाहिजे. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत.

२० मे

तुकडा काढला. वहिनी हूं का चूं नाही. टाका घालताना मलाच विचारते, चहा घेतलास का.

फॉर्मॅलिन संपलंय. स्पिरिटात घातला, तेही चालतं. दादा मिठाच्या कामाला मुंबईला निघालाच होता, बाटली त्याच्याकडे दिली. हॉस्पिटलात माझा वर्गमित्र सदाशिव आहे, असले तुकडे तपासणं हेच त्याचं काम, त्याच्या हातात दे म्हटलं. दादाने बाटली तीर्थ घेतात तशी दोन्ही हातांनी घेतली.

वर चिठ्ठी लावणार होतो, दवाखान्याचा शिक्का मारून. दारात रोगी ताटकळलेले. राहिलं.

२८ मे

दादा परत आला. बहुतेक शेवटचीच बोट. वहिनीला लुगडं, मला पेन. जेवताना स्वारी खुशीत होती. बोटीत कोणीतरी सांगितलं म्हणे, धक्क्यावर पोलीस मालवणकडच्या माणसांच्या बाटल्या हुंगून बघतात. हद्दीवरच्या बांदा गावावरून गोव्याची दारू येते ना, दारूबंदीवाल्यांचा आपल्यावर फार लोभ. दादा घाबरला. स्पिरिटचा वास तर बूच न काढताच येत होता. मग?

"ओतलंय सगळा समुद्रात," दादा म्हणाला. "नमुन्याचा मीठ होताच माझ्या वांगडा. घट्ट पाणी केलंय आणि थेच्यात घातलंय. माझ्या मिठात सुरमय म्हयनोभर टिकता रे, ह्या तर आपल्या घरचा."

मी घास गिळला. वहिनी वाढत होती.

आणि मिठाची कामं आधी उरकली म्हणून बाटली दिली शनिवारी. मे महिन्याच्या उकाड्यात!

९ जून

सदाशिवचं पत्र. पेशी आक्रसून गेल्यात, मधला भाग कुजलाय, काहीही सांगता येत नाही. नवा तुकडा पाठव, आणि गाढवा, तू परीक्षा कशी पास झालास? बरोबरच आहे त्याचं. सगळा तुकडा देऊन बसलो, थोडासा इथे ठेवायची अक्कल नाही. आणि दादाला एवढं एक वाक्य सांगितलं नाही की, बाटलीतलं पाणीच महत्त्वाचं आहे. माझा जन्म मिठाच्या वखारीच्या घरातला. मिठावर त्याचा किती विश्वास आहे ते मला ठाऊक नव्हतं?

घरी सांगितलं, नीट कळलं नाही, पुन्हा थोडं काढायला हवं. वहिनी सरळ म्हणाली, "आता परत कापूक देवचंय नाय मी." जखम भरायला त्रास झाला होता तिला, पू धरला होता. दादा तिच्या बाजूने. मुंबईच्या डॉक्टरांना काही येत नाही, तुकडा तर पोचेपर्यंत चांगला ताजा दिसत होता, असं त्याचं म्हणणं. सदाशिवला शिव्या खाऊ दिल्या मी. मान खाली घालून.

खरं सांगितलं तर दादा तिला हात धरून दवाखान्यात आणील. पण मग दादाचं काय? तो मिठाला हात लावील का पुन्हा?

२३ जून

दुपारी रोगी नव्हते. सूक्ष्मदर्शक काढला. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. तांबड्या पेशी गोल, गुबगुबीत, मधे खळगा. कॉलेजात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, की आपण इतक्यांचे मिळून झालो आहोत आणि त्यातली प्रत्येक आपल्या कामात आहे. काचेच्या कडेला मिठाचं पाणी सोडलं. बघता बघता आक्रसल्या, काटे आल्यासारख्या झाल्या. मुद्दाम पुन्हा एकदा केलं. काय मिळालं त्यातून, माहीत नाही.

वहिनी चहा घेऊन आलेली. काय बघतोस म्हणाली. मी म्हटलं रक्त. तिने डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, मीठ कशाला घातलंस त्यात?

सांगितलं. लोणच्याला कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, फोड मऊ पडते, तसंच. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर येतं, पिशवी चुरगळते. मग ती निरोगी होती की वाईट, ओळखता येत नाही.

बोलून गेल्यावर ध्यानात आलं. तिच्या तर आधीच आलं होतं.

"तेंका सांगा नको," ती म्हणाली. "तेंका कळला तर जेवचे नाय ते."

मी म्हटलं नाही सांगत, पण मग तू कापू दे. ती म्हणाली, गणपती होऊ देत. हा सौदा मी का मान्य केला? डॉक्टर म्हणून एका मिनिटात मोडायला हवा होता. दीर म्हणून मानला. लहानपणापासून ती सांगेल तेव्हाच ताटावरून उठलोय मी.

१४ ऑगस्ट

काखेत लागली. दोन मणी, घट्ट. मूळ गाठ आता सरकत नाही, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी. आता निदानाला सदाशिवची गरज नाही. सूक्ष्मदर्शकाचीही नाही.

मेमध्ये कळलं असतं तर तेवढाच भाग काढून भागलं असतं. कदाचित. या कदाचितनेच जीव खाल्लाय.

वहिनीला तसंच सांगितलं, आडपडदा न ठेवता. ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकून म्हणाली, गणपतीला घरात माणूस नको का? मग जाऊ. मी आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर. एस.टी.ने आज नेतो म्हटलं. घाटात दरड आहे, आणि मला गाडी लागते, हे तिचं उत्तर. रडलो मी तिथेच, मोरीपाशी उभा राहून. पण तिने गणपतीच केला.

१२ सप्टेंबर

बोटी सुरू झाल्या. उद्याच्या बोटीने दोघं जातील. सदाशिवने खाट ठरवून ठेवलीय, सर्जनशी बोललाय. पत्रात यावेळी शिव्या नाहीत. त्यानेच जास्त भीती वाटली.

दादा रात्री माझ्या खोलीत आला. खाटेच्या कडेला बसला. मग म्हणाला, "बाबल, माझ्या हातान काय चुकला काय रे?"

कशावरून विचारलं कोण जाणे. वहिनी नक्कीच बोलली नसेल. मी म्हटलं, "नाय रे दादा." माझ्या तोंडून इतकं साफ खोटं कधी आलं नसेल. तो उठून गेला. पटलं की नाही कळलं नाही.

१३ सप्टेंबर

बंदरावर सोडायला गेलो. वहिनी नवं लुगडं नेसलेली. शेजारणींना सांगत होती, मुंबई बघायला चाललंय. दादा तिकिटाच्या खिडकीकडे गेला आणि तिथूनच मला हाक मारून विचारलं, दिवाळीला गर्दी होते, परतीची दोन्ही तिकिटं आत्ताच काढून ठेवू का?

मी म्हटलं, थांब, तिकडे गेल्यावर बघ.

वहिनीने बोलणं अर्धवट सोडून माझ्याकडे पाहिलं. दादाने खिडकीतून हात मागे घेतला. होडीवाला घाई करत होता.